साबेराच्या पोत्यातले बूट

माबेला, मस्कत
९ फेब्रुवारी २०२५

आक्का,

जयभीम. फोन करू नको. मेसेज पण करू नको, आणि आपल्या लहूदादाला सांगून त्याच्याकडून तर अजिबात करवू नको. श्वेताच्या पप्पांनी घरातले तिन्ही फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसलेत. तांदळात घालून काय होतं ते मला विचारू नको. माणूस घाबरला की काय वाट्टेल ते करतो. म्हणून हे पत्र. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही, अक्षराला हसलीस तर बघ. मवालेहच्या एका भाजीच्या दुकानात अमीन म्हणून आहे, दाभोळचा. त्याची माणसं सारखी गावाला ये-जा करतात. पत्र खेडला त्याच्या बहिणीच्या, खैरुन्निसाच्या, बांगड्यांच्या दुकानात येईल. तुझं पण तिथंच दे.

आता ऐक. श्वेता पळते ते तुला ठाऊक आहे. दर शुक्रवारी सकाळी अल खौदच्या मैदानावर साबेरा म्हणून बाई आहे, ती पोरींना शिकवते. बायकांच्या जिममध्ये नोकरीला आहे, पण शुक्रवारचं हे फुकट. कुणालाही घेते. ड्रायव्हरांच्या पोरी, आमची पोरगी, आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका सुद्धा सुट्टीच्या दिवशी येऊन तिच्या मागं पळतात. ही साबेरा काळी आहे. आपण काळे तसं नाही, केस पण तसले, बारीक कुरळे. मी चपला घालून मैदानात गेले तर सगळ्यांसमोर ओरडली माझ्यावर, "चपला बाहेर!" तेव्हापासून मी तिथं पाणी वाटते आणि गप्प बसते.

३१ जानेवारीला इथल्या भारतीय कुटुंबांच्या क्रीडा कमिटीचे खेळ होते. पोरींची रिले होती, चौघी एकामागून एक दांडी घेऊन पळतात ती. शेवटची साबेराची मुलगी हिबा. ऐन वेळेला कमिटीचे जितेश साहेब आले आणि म्हणाले, ही पोरगी नाही चालणार, स्पर्धा भारतीयांची आहे. साबेराने पर्समधून दोघींचे पासपोर्ट काढले. निळे, तुझ्या-माझ्यासारखे, तेच सिंह. साहेबांनी हातात पण घेतले नाहीत. म्हणाले, "असले पासपोर्ट बाजारात मिळतात. जंगलातून उठून आलेली हबशी लोकं, आणि म्हणे इंडियन." ती पासपोर्ट धरून उभी. हिबा बूट बांधायला वाकली होती, ती वाकलेलीच राहिली.

हे आमच्या दिवट्या पोरीने फोनमध्ये काढलं. घरी आली, कुणाला विचारलं नाही, आणि आपल्या लोकांच्या जयंतीच्या ग्रुपवर टाकलं. "बघा, इथं पण तेच चालू आहे," असं लिहून. तिथून ते कुठं कुठं गेलं कुणाला ठाऊक.

आता साहेब म्हणतात पोलिसात जातो. इथं एखाद्याला न विचारता त्याचा व्हिडिओ काढून फिरवला तर मोठा गुन्हा आहे म्हणे. पोरगी पंधराची. पण सिम तिच्या पप्पांच्या नावावर. म्हंजे धरणार कुणाला? त्यांना. नोकरी जाणार, व्हिसा खलास, मग विमानात बसवून देतात. त्याच्या आधी आत ठेवतात की नंतर, ते पण माहीत नाही. एसीची कामं करून माणूस दमून यायचा आणि घोरायचा, आता बसून असतो भिंतीला टेकून. पाण्याचा टँकर गल्लीत शिरला तरी आम्ही तिघं लाईट बंद करतो. दिवसाढवळ्या लाईट बंद करतो, आक्का.

मी तिथं नव्हते. लांब होते, पाणी वाटत होते. असते तर कार्टीच्या हातातला फोन घेऊन फेकला असता.

काय करू ते लिही. उपदेश नको, काय करू ते लिही.

जयवंती


तळवट, ता. खेड
२० फेब्रुवारी

जयवंते,

जयभीम. पत्र मिळालं. खैरुन्निसाने बांगड्यांच्या खोक्यात खाली घालून ठेवलं होतं. मला म्हणाली, "बाई, दोन डझन घ्या म्हंजे कुणाला संशय नको." म्हंजे तुझ्यापायी मी आता हिरव्या बांगड्या भरून फिरत्येय.

अक्षराला हसले नाही. तांदळाच्या डब्याला हसले. मग रडू आलं, पण ते जाऊ दे.

साहेब काय मागतोय ते तू लिहिलंच नाहीस. नुसतंच पोलिसात जायचं असतं तर तो कधीच गेला असता. एवढे दिवस थांबलाय म्हंजे त्याला काहीतरी पाहिजे. माफी पाहिजे असेल तर पोरीला सांग, माग. तोंड वाकडं करून मागितली तरी माफी ती माफीच. धनेशरावांच्या नोकरीवर तुमचं सगळं आहे. श्वेताला म्हणावं मावशी सांगत्येय.

आणि ती बाई तरी कोण? आफ्रिकेची आणि पासपोर्ट आपला, हे माझ्या डोक्यात शिरत नाही. तिच्या देशाची माणसं तिला सोडवतील. तुमच्या मागं कोण आहे? तू पोरीला तिच्यापासून लांब ठेव. लहूचं पण हेच म्हणणं आहे. तो तर म्हणतो आत्ताच सगळे या निघून. त्याला काय, त्याला तिकीट काढायचं नाही.

एक विचारते. तू लांब पाणी वाटत होतीस, मग साहेब काय बोलला आणि ती पोर कशी वाकली होती, ते तुला शब्दन् शब्द कसं ठाऊक?

कुळीथ आणि आमसुलं पाठवलीत. कुळीथ निवडलेले नाहीत.

हौसाबाई


माबेला
२७ फेब्रुवारी

आक्का,

श्वेताने सांगितलं म्हणून ठाऊक. पोलिसासारखं विचारू नको, इथं ती भीती पुरेशी आहे.

बरोबर ओळखलंस, त्याला पाहिजे आहे. कागद पाहिजे. त्यावर लिहायचं की व्हिडिओ खोटा, कापून जोडलेला, साहेब असं बोललेच नाहीत. श्वेताची सही, तिच्या पप्पांची सही, आणि साबेराची. तिघांची आली तर तो तक्रार करणार नाही. १५ मार्चला कमिटीची मीटिंग आहे, तिथं सगळ्यांसमोर वाचणार.

आमच्या दोन सह्या मी करून घेतल्या असत्या, पोरीच्या हातात पेन खुपसून. प्रश्न साबेराचा. म्हणून मी तिच्या घरी गेले. एकटीच. टॅक्सीत सगळा वेळ वाटत होतं मागची गाडी आपल्याच मागं आहे.

ती आफ्रिकेची नाही, आक्का. हे तू वाचून खाली बस. ती हल्याळची. बेळगावच्या खाली रान आहे तिथली. सिद्दी म्हणतात त्यांना. त्यांच्या पणज्या-खापरपणज्यांना कुणीतरी जहाजातून गुलाम म्हणून आणलं, ते रानात पळाले आणि तिथलेच झाले. घरात मराठी-कोकणीच बोलतात. मी दारात हिंदीत सुरू केलं, "आपसे एक काम था," तर म्हणते, "मराठीत बोल की बाई. तुझ्या हिंदीनं माझं डोकं दुखतंय." मी तिच्या मैदानावर वर्षभर पाणी वाटलं आणि हे मला माहीत नव्हतं. ती पोरींवर इंग्लिशमध्ये ओरडायची, मी कधी विचारलंच नाही.

घर दोन खोल्यांचं. मधे हे एवढं पोतं, तोंडापर्यंत बुटांनी भरलेलं. इथल्या पोरांचे लहान झालेले पळायचे बूट ती मागून घेते, धुते, आणि मे महिन्यात गावाला नेते. लहानपणी तिच्या वाडीतली पोरं सरकारी माणसांनी पळवून बघितली आणि निवडून खेळाच्या होस्टेलात ठेवली, त्यात ही. अनवाणी पळून निवडली गेली. मग राज्याकडून धावली. भिंतीवर फोटो आहे, छातीवर नंबर, आणि शर्यतीत मागं पडलेल्या पोरी दिसतात. पुढं होस्टेल बंद झालं, बाकीच्या पोरी परत रानात. ही एकटी सुटली. म्हणते, "मी पळाले म्हणून आमच्या वाडीत शाळेच्या दाखल्यावर पोरीचं नाव चढलं. आधी पोरीला नाव कशाला लागतं, म्हणायचे." आता दर वर्षी तीस-चाळीस पोरी तिथं पळतात, ह्या बुटांत. पोत्यात वरच मला श्वेताचे जुने दिसले. बुटाच्या जिभेवर आतून पेनाने तिचं नाव आहे, मीच लिहिलेलं. ते देताना मी कुरकुरले होते, आमचे बूट कुणाच्या पायात जातात कोण जाणे म्हणून.

मी कागदाचं सांगितलं. पाया पडणार होते, खरंच, वाकले पण होते. तिने दंडाला धरून उभं केलं. पकड अशी की दोन दिवस दुखत होतं.

म्हणाली, "सही केली तर काय होतं माहीत आहे काय? हिबाला परत कुठल्या स्पर्धेत घेणार नाहीत. मीच लिहून दिलं की साहेब चुकला नाही. मग चुकलं कोण? आम्ही. आणि मैदान त्यांच्या नावावर मिळतं शुक्रवारचं, ते पण जाईल."

मी म्हटलं, "आणि माझा नवरा?"

हिबा आतून ऐकत होती, तिची सावली दिसत होती. मग साबेरा म्हणाली, "करते. पोरीने माझ्यासाठी केलं. पोरीला त्रास नको."

मी पळत सुटले तिथून, तिने शब्द फिरवायच्या आत.

घरी येऊन श्वेताला सांगितलं. वाटलं मोकळी होईल. ती म्हणाली, "मम्मी, आर यू हॅप्पी?" आणि बाथरूममध्ये जाऊन बसली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. जेवण ताटात घेते आणि ताट तसंच ठेवते. शाळेत पण जात नाही, मीच पाठवत नाही, शाळेतून नेलं तर?

माझं चुकलं नाही. आपलं माणूस आधी. लिही मला, की चुकलं नाही.

जयवंती


तळवट
१० मार्च

जयवंते,

व्हिडिओ आला इकडे. चिपळूणच्या कुठल्या तरी ग्रुपवरून लहूच्या फोनमध्ये. काल संध्याकाळी विहारात दहा-बारा जणांनी मिळून बघितला. सगळे त्या साहेबाला शिव्या घालत होते. लहू तर उभा राहून. आपल्या भाचीने काढला म्हणून छाती फुगली होती त्याची, नाव सांगायला निघाला होता, मी त्याचा सदरा ओढून खाली बसवला.

मी परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा, आणि तेव्हा बघितलं नाही, नुसतं ऐकलं.

साहेब "म्हणे इंडियन" म्हणतो. मग एक बाई बोलते. फोनच्या अगदी जवळून, बाकी सगळ्यांपेक्षा मोठ्याने. "तू कशाला मधे पडतेस? ती कुठं आपल्यातली आहे? चल, पुलाव थंड होतोय."

विहारात कुणाला कळलं नाही. कोण असेल ही भवानी, म्हणाले. लहूलाही नाही कळलं. मला कळलं. तुझा आवाज मी तू पाळण्यात होतीस तेव्हापासून ऐकत्येय.

तू लांब पाणी वाटत नव्हतीस. तू पोरीच्या खांद्याला लागून उभी होतीस.

तू विचारलंस चुकलं नाही असं लिही. ते मी लिहीत नाही. भीती वाटते ते खरं, मला पण वाटते, रात्री उठून बसते मी. सही करून सुटत असाल तर सुटा, मी त्याला नाही म्हणत नाही. पण दुसरं एक विचारते. शाळेत रस्सीखेच व्हायची, आठवतं? आपल्या वाडीच्या पोरांना दोरी धरू द्यायचे नाहीत. दोरी एकच असते ना, सगळ्यांचे हात लागतात. तू तेव्हा दुसरीत असशील. तू जाऊन धरलीस, तर मास्तर म्हणाले, ए, तू कुठं ह्यांच्यातली, बाजूला उभी राहून टाळ्या वाजव. तू घरी येऊन आईला विचारत होतीस, मी कुणातली?

आई काय म्हणाली ते मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर लिही.

हौसाबाई


माबेला
१८ मार्च

आक्का,

तुझं पत्र मी फाडलं. मग तुकडे गोळा करून कणकेने चिकटवलं. तू नेहमीच अशी आहेस, मारतेस ते पण जेवायला वाढता वाढता.

आई काही म्हणाली नव्हती. भाकरी थापत होती, ती थापतच राहिली.

आता झालं ते सांगते. हे वाचलं की लगेच चुलीत घाल. खरंच घाल. कुणाच्या हातात पडलं तर मी मेले.

मीटिंग शनिवारी रोजा सुटल्यावर होती, एका हॉलमध्ये. कमिटीचे सहा-सात जण टेबलामागं. आम्ही तिघं या बाजूला. साबेरा आणि हिबा भिंतीजवळ, त्यांना कुणी खुर्ची दाखवलीच नाही. श्वेताचे पप्पा घामाने ओले झाले होते, एसीचा माणूस एसीत घामाने ओला. मी पाय खुर्चीच्या पायाला गुंडाळून बसले.

जितेश साहेबांनी कागद वाचला. इंग्लिशमध्ये. मग म्हणाले, "सिंपल आहे, सही करा, खलास." पहिलं पेन साबेराला दिलं. ती भिंतीजवळून चालत आली. चालताना पण पळणारीसारखीच चालते, पाठ ताठ. टेबलावर वाकली. आणि तिच्या मागं हिबाकडे माझं लक्ष गेलं. पोरगी खाली बघत होती. मैदानात वाकलेली होती ना, तशीच.

मी काही ठरवलं नव्हतं. तुझं पत्र पर्समध्ये होतं एवढंच. माझ्या तोंडातून निघालं, "थांबा."

साहेब म्हणाले, "काय झालं?"

मी म्हटलं, "व्हिडिओ पोरीने काढला नाही. मी काढला."

श्वेता "मम्मी" म्हणून ओरडायला गेली, मी टेबलाखाली तिच्या पायावर पाय दिला. जोरात. पप्पा माझ्याकडे असे बघत होते की जणू मीच पोलीस.

"फोन माझ्या हातात होता," मी म्हटलं. "मीच काढला, मीच ग्रुपवर टाकला. मी चौथी शिकलेली बाई, मला इथला नियम ठाऊक नाही. पोरीचा आणि तिच्या बापाचा काही संबंध नाही."

साहेब हसले. "ताई, तुम्ही? तुम्हाला व्हिडिओ काढता येतो?"

तेव्हा मी म्हटलं, "लावा ना. लावा तुमच्याच फोनवर. शेवटपर्यंत लावा."

त्यांना नको होतं. पण कमिटीतल्या संध्या मॅडमनी त्यांच्या फोनवर लावला. हॉलमध्ये सगळ्यांनी साहेबांचं बोलणं ऐकलं, जंगल, हबशी, सगळं. आणि मग माझं. तू कशाला मधे पडतेस. ती कुठं आपल्यातली आहे. पुलाव थंड होतोय. आक्का, आपलाच आवाज एवढा घाणेरडा असतो हे मला ठाऊक नव्हतं. एखादी भांडखोर बाई शेजारच्या घरात बोलावी तसा.

मी म्हटलं, "ऐकलं? फोनच्या तोंडाशी कोण आहे? फोन ज्याच्या हातात, त्याचाच आवाज मोठा येणार ना? हा माझा आवाज आहे. आता मी बोलते, मिळवून बघा. पुलाव थंड होतोय. पटलं?"

साहेबांनी साबेराला विचारलं, "तुम्ही सांगा, व्हिडिओ कुणी काढला?"

ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ही माझा गळा धरणार, आणि धरला असता तर मी हललेही नसते. ती म्हणाली, "मी पासपोर्ट धरून उभी होते. मागं फोन कुणाच्या हातात, ते मी बघितलं नाही. आवाज ह्याच बाईचा. ते खरं आहे."

आणि पेन टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं.

साहेब लाल झाले. म्हणाले, मग केस बाईंवर होईल. मी म्हटलं, करा. आवाज चिमणीएवढाच निघाला. संध्या मॅडम हळूच म्हणाल्या, "साहेब, केस केली तर पोलिसांपुढे हे सगळं परत लावावं लागेल. तुमचं पण. इथं कुणाला असं बोलणं पण गुन्हाच आहे." साहेबांनी कागदाची घडी घालून खिशात टाकला. "बघतो," म्हणाले. तक्रार करणार की नाही ते सांगितलं नाही.

म्हंजे बघ. संपलं काहीच नाही. आधी नवऱ्याची भीती होती, आता माझी आहे. माझा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर, मला धरलं तर त्यांचं काय होतं ते पण कुणी सांगत नाही.

बाहेर गाडीपाशी मी साबेराला गाठलं. म्हटलं, "तो आवाज... तेव्हा मी..."

ती म्हणाली, "मी ऐकलं होतं. त्याच दिवशी. तू माझ्यापासून हातभर लांब होतीस की."

"आणि तरी तू सही करायला आलीस?"

"पोरीसाठी आले," म्हणाली. "तुझ्यासाठी नाही." आणि हिबाला घेऊन निघून गेली. माफ केलं, जाऊ दे, असलं काही नाही. बरोबर आहे, मी पण केलं नसतं.

घरी आल्यावर श्वेता माझ्या ताटात जेवली. पाय सुजलाय तिचा. बोलली एवढंच, "मम्मी, तू खोटं बोललीस." मी म्हटलं, "आधी बोलले ते खोटं होतं. हे तेवढं नाही."

पत्र जाळ.

जयवंती


तळवट
२९ मार्च

जयू,

जाळलं. पहिल्यांदा पूर्ण वाचलं, मग चुलीत घातलं, मग काठीने ढकलून राख पण मोडली. लहूने विचारलं काय जाळत्येस, म्हटलं जुनी बिलं.

त्याला एवढंच सांगितलं की ती भवानी तू आहेस. तो बाहेर जाऊन विहाराच्या पायरीवर बसला बराच वेळ. विहारात त्याने सगळ्यात मोठी शिवी त्याच बाईला घातली होती.

पलीकडची खोली झाडून ठेवलीय. तू परत आलीस तर म्हणून. येऊ नये असंच वाटतं, पण झाडून ठेवलीय. रात्री झोप येत नाही. दारात कुणी चपला काढल्याचा आवाज झाला तरी वाटतं तुझ्याबद्दल सांगायला कुणी आलं.

आईचं लिहिलंस ते वाचलं. ती थापतच राहिली. मला पण आता आठवलं.

लवकर लिही. दोन ओळी चालतील.

आक्का


माबेला
१२ एप्रिल

आक्का,

दोन ओळीत माझं होत नाही ते तुला ठाऊक आहे.

तक्रार अजून झालेली नाही. होणार नाही असं पण कुणी म्हणत नाही. साहेब एकदा सुपरमार्केटात दिसले, मला बघून दुसऱ्या रांगेत गेले. मी तर आधीच तिसऱ्या रांगेत शिरले होते. फोन तांदळातून काढलेत, पण पप्पा ग्रुपवर काही आलं की अजून उलटा ठेवतात. परवाची जयंती पण साधीच करतोय, एका घरात, पडदे ओढून. श्वेता शाळेत जाते. मी तिला सोडायला जाते आणि सुटेपर्यंत तिथंच बसते, कुणी नेलं तर दिसेल तरी म्हणून. वेडेपणा आहे, पण बसते.

मैदान गेलं. कमिटीने परवानगी काढून घेतली. साबेराने जिमच्या मालकिणीला सांगून जिमच्या मागची रिकामी जागा मिळवली, कच्ची, खडी-खडी. पोरी निम्म्या राहिल्या. ज्यांच्या आया घाबरल्या त्या गेल्या. मी त्यांना काय बोलणार?

काल शुक्रवारी श्वेता म्हणाली, मम्मी तू पण चल. मी महिनाभर तोंड दाखवलं नव्हतं. गेले. भिंतीपाशी पाण्याचा कॅन घेऊन उभी राहिले. साबेराने माझ्याकडे बघितलं पण नाही. कामवाल्या बायकांची रिले लावत होती, तिघीच होत्या, चौथीच्या मालकिणीने सोडलं नव्हतं.

मग ती अचानक वळली. "ए जयवंती. उभी काय आहेस? चपला काढ."

मी म्हटलं, "मी? मला दम लागतो."

"मला पण लागतो. चपला काढ." पोतं तिथंच आणलेलं होतं. तिने हात घातला, एक जोडी काढली आणि माझ्या पायाशी टाकली. "हे घाल. तुझ्याच घरचे आहेत."

श्वेताचे होते. आत माझ्याच अक्षरात तिचं नाव. नीट बसले, अंगठ्याला थोडे घट्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी बूट घातले, आक्का, लेस बांधता येईना. हिबा खाली बसली आणि बांधून दिली. मी "राहू दे गं" म्हणत होते, तिने ऐकलं नाही. दोन गाठी मारल्या.

मला शेवटी उभं केलं. दांडी पहिलीच्या हातातून दुसरीच्या, तिच्या हातातून तिसरीच्या, आणि मग माझ्याकडे. घामाने चिकट झालेली, ओली. मी घट्ट धरली.

अर्ध्यात गेले असेन, तर रस्त्यावरून पोलिसांची गाडी आली. हळू. माझे पाय तिथल्या तिथं थांबले. वाटलं, आली. श्वेता किती लांब आहे ते बघायला मी मान वळवली. गाडी वळणावर थांबली, एक पोलीस उतरला आणि समोरच्या दुकानात शिरला. पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला. मी अजून तशीच, हातात दांडी.

मागून साबेरा ओरडली. श्वेतावर ओरडते ना, तेवढ्याच जोरात, पण मराठीत, "बघत काय राहिलीस? पळ की!"

मी पळाले. सगळ्यात शेवटी आले, अर्थात. धापा टाकत खाली बसले, तर पोलीस गाडीत बसून निघून गेला होता.

बूट काढून द्यायला लागले तेव्हा म्हणाली, "मे महिन्यात गावाला न्यायचेत. तोवर तूच घाल. दर शुक्रवारी."

मे महिन्यात बूट हल्याळला जातील, कुणा पोरीच्या पायात. मी तेव्हा इथं असेन की तुझ्या त्या झाडलेल्या खोलीत, ते मला ठाऊक नाही. पुढचा शुक्रवार अठराला आहे. दारात बूट काढून ठेवलेत, तोंड बाहेरच्या बाजूला करून. लेस सोडलेली नाही. मला परत बांधता येणार नाही.

जयवंती